काजूच्या काट्यातलं असेंब्ली आणि तीन वेगळे प्रोसेसर

कुंडईच्या एका छोट्या कारखान्यात काम करणाऱ्या तरुण इंजिनिअरचा प्रश्न थोडक्यात असा आहे. काजूगरांची पाकिटं भरणाऱ्या यंत्रात वजनाचा काटा आहे. आत १६ मेगाहर्ट्झवर चालणारा एटीमेगा३२८ हा एव्हीआर घराण्यातला छोटा प्रोसेसर, वजनाचा विजेचा संकेत करणारा लोडसेल आणि त्या संकेताचा आकडा करणारी एचएक्स७११ ही २४ बिटांची एडीसी चिप. कोड लिहिणारे गृहस्थ नोकरी सोडून गेले, आणि त्यांच्या ड्रायव्हरमध्ये, म्हणजे ही चिप चालवणाऱ्या कोडमध्ये, चाळीसेक ओळी असेंब्लीत, थेट प्रोसेसरच्या सूचनांच्या भाषेत आहेत. आता तेच यंत्र कॉर्टेक्स-एम४ या एआरएमच्या छोट्या प्रोसेसरवर हवं आहे. मोठ्या मॉडेलमध्ये लिनक्स चालणारा एआरएम बोर्ड येणार आणि पुढेमागे रिस्क-फाइव्ह जातीचा प्रोसेसरही. 'या ओळींचं तिन्हीकडे भाषांतर कसं करू? तसं करून देणारं एखादं साधन आहे का? की सगळं सी भाषेत लिहू, आणि मग वेग कमी झाला तर?'

आधी साधनाचं सांगतो. एका प्रोसेसरचं असेंब्ली दुसऱ्यात बदलणारं, ड्रायव्हरसाठी भरवशाचं असं साधन माझ्या पाहण्यात नाही. असतं तरी ते वापरू नका असंच म्हटलं असतं. सूचना वाचून प्रोसेसरने काय केलं ते कळतं, कशासाठी केलं ते कळत नाही. ड्रायव्हरमध्ये सगळं काम त्या 'कशासाठी'चंच असतं. फोंड्यात बसून गेली वीसेक वर्षं मी हेच काम करतोय आणि माझी पद्धत आता ठरून गेली आहे: असेंब्लीची ओळ दिसली की तिच्याशेजारी वहीत लिहायचं, ही ओळ कोणती हमी देते. मग नव्या प्रोसेसरवर ती हमी कशी मिळवायची ते शोधायचं. सूचना नाही, हमी.

तुम्ही पाठवलेल्या तुकड्यातल्या चार ओळीच घेऊ. एसबीआय, नॉप, नॉप, सीबीआय. म्हणजे चिपला ठोके देणारी क्लॉकची पिन वर, दोन रिकाम्या सूचना, पिन खाली. दोनच नॉप का? एचएक्स७११च्या डेटाशीटमध्ये क्लॉक किमान ०.२ मायक्रोसेकंद वर राहायला हवा असं दिलंय. १६ मेगाहर्ट्झला एक चक्र ६२.५ नॅनोसेकंदांचं. एसबीआयने पिन वर गेली की लगेच सीबीआय लावला तर त्याची दोन चक्रं, म्हणजे १२५ नॅनोसेकंद. कमी पडतात. दोन नॉप घातले की चार चक्रं, २५० नॅनोसेकंद. बरोबर बसलं. ज्यांनी हे लिहिलं त्यांनी डेटाशीट नीट वाचलेली आहे, त्यांच्या कामाचा मान ठेवा.

पण याच चार ओळींत आणखी दोन हम्या लपलेल्या आहेत, आणि भाषांतर करताना त्याच हातातून निसटतात.

पहिली हमी वरच्या मर्यादेची. याच चिपमध्ये क्लॉक ६० मायक्रोसेकंदांपेक्षा जास्त वेळ वर राहिला की चिप झोपी जाते, आणि जागी झाल्यावर रीसेट होऊन नव्याने सुरू होते. म्हणून तुमच्या कोडमध्ये एसबीआयच्या आधी सीएलआय (इंटरप्ट बंद) आहे आणि सीबीआयनंतर एसईआय (इंटरप्ट चालू). मध्येच इंटरप्ट, म्हणजे हातातलं काम थांबवून दुसरं करायला लावणारी हाक, येऊन क्लॉक वर अडकू नये, एवढाच त्याचा हेतू. क्लॉक खाली असताना कितीही उशीर झाला तरी बिघडत नाही. तेव्हा इंटरप्ट बंद ठेवायचे ते फक्त त्या २५० नॅनोसेकंदांपुरते. पुष्कळ जण एका वाचनाचे पंचवीसच्या पंचवीस ठोके होईपर्यंत इंटरप्ट बंद ठेवतात आणि मग सिरियल पोर्टचे बाइट हरवतात म्हणून तक्रार करतात.

दुसरी हमी तर बहुतेकांच्या लक्षातही येत नाही. एव्हीआरवर एसबीआय ही एकच सूचना एका पिनचा एकच बिट बदलते आणि मध्ये तुटत नाही. तुमच्या आकृतीत काजूगर सोडणाऱ्या झडपेची पिन त्याच पोर्टवर, म्हणजे पिनांच्या त्याच गटात आहे आणि ती टायमरच्या इंटरप्टमधून बंद होते. एम४ वर तुम्ही सी भाषेत 'पोर्ट ऑर-बरोबर बिट' असं सरळ लिहिलंत तर त्याच्या तीन सूचना होतात: वाचा, बिट मिळवा, परत लिहा. वाचणं आणि लिहिणं यांच्यामध्ये टायमरचा इंटरप्ट आला, त्याने झडप बंद केली, आणि परत येऊन तुमच्या कोडने जुनी किंमत लिहिली तर झडप पुन्हा उघडते. टेबलावर तपासताना हे हजारातून एकदाही दिसणार नाही. हंगामात यंत्र दिवसभर चाललं की २०० ग्रॅमच्या पाकिटात तीनशे ग्रॅम पडतील आणि दोष लोडसेलला मिळेल. एसटीएम३२ ही एम४ असलेली चिप वापरणार असाल तर बीएसआरआर हे रजिस्टर (चिपमधला छोटा कप्पा) याचसाठी आहे. त्यात एकदा लिहिलं की हवा तोच बिट बदलतो, वाचावं लागत नाही. इतर बहुतेक कंपन्यांच्या चिपमध्येही 'सेट' आणि 'क्लिअर' अशी वेगळी रजिस्टरं असतात, तीच वापरा. रिस्क-फाइव्हवर अखंड क्रियांच्या सूचना 'ए' नावाच्या विस्तारात येतात, आणि तो विस्तार प्रत्येक छोट्या चिपमध्ये नसतो. बोर्ड निवडण्याआधी चिपच्या नावापुढची अक्षरं वाचा. आरव्ही३२आयएम म्हणजे गुणाकार-भागाकार आहे, अखंड क्रिया नाहीत.

म्हणजे चार ओळींत तीन हम्या निघाल्या: क्लॉक किमान ०.२ मायक्रोसेकंद वर, कमाल ६० पेक्षा खूप कमी, आणि शेजारच्या पिनला धक्का नाही. आता यातलं एकेक तीन ठिकाणी कसं मिळेल ते बघू.

कॉर्टेक्स-एम४ समजा १६८ मेगाहर्ट्झवर चालतो. एक चक्र साधारण ६ नॅनोसेकंदांचं. तेच दोन नॉप इथे आणले तर १२ नॅनोसेकंद, चिपला क्लॉक दिसणारही नाही. मग ३४ नॉप लिहू का? नको. एआरएमच्या कागदपत्रांतच लिहिलंय की नॉपने वेळ जाईलच याची खात्री नाही, प्रोसेसर तो पाइपलाइनमधूनच काढून टाकू शकतो. शिवाय फ्लॅशमधून सूचना येताना थांबे लागतात, त्यामुळे तोच लूप एका जागी एवढा वेळ घेईल तर दुसऱ्या जागी तेवढा. एम३, एम४, एम७ यांच्यात डीडब्ल्यूटी नावाच्या विभागात चक्रं मोजणारं रजिस्टर असतं, त्यावरून वेळ मोजा. एम० मध्ये ते नसतं, तिथे टायमर.

माझा कल मात्र एसपीआयकडे, म्हणजे बिट एकामागून एक पाठवणाऱ्या चिपमधल्या तयार हार्डवेअरकडे आहे. एसपीआयची डेटा बाहेर नेणारी तार, म्हणजे एमओएसआय, एचएक्स७११च्या क्लॉकला जोडायची आणि चिपचा डेटा एमआयएसओ या आत येणाऱ्या तारेवर घ्यायचा. एसपीआयची स्वतःची क्लॉक पिन रिकामी सोडायची. मग १०१०१०१० हा बाइट पाठवला की चार ठोके होतात. सहा बाइटांत चोवीस ठोके, आणि सातवा बाइट १००००००० पाठवला की पंचविसावा. पंचवीस ठोके म्हणजे पुढच्या वाचनासाठी ए चॅनेल, १२८ पट गेन (संकेताची वाढ). २ मेगाहर्ट्झला प्रत्येक बिट अर्ध्या मायक्रोसेकंदाचा, म्हणजे खालची आणि वरची मर्यादा दोन्ही हार्डवेअरच सांभाळतं. इंटरप्ट कितीही येऊ देत. दोन बाइटांच्या मध्ये खंड पडला तरी बाइटाचा शेवटचा बिट शून्य आहे, क्लॉक खालीच राहतो. एकच गोष्ट आधी तपासा: काही चिपमध्ये काम नसताना एमओएसआय वर राहते. तसं असेल तर काटा प्रत्येक वाचनानंतर झोपेल. लॉजिक अ‍ॅनालायझर लावा आणि सात बाइट गेल्यावर ती तार कुठे थांबते ते डोळ्यांनी पाहा.

इथे असेंब्ली उरलीच नाही, बघा. वेगासाठी नव्हतीच ती. एचएक्स७११ सेकंदाला १० किंवा ८० वाचनं देते. त्याहून जलद काही करण्यासारखं त्या ड्रायव्हरमध्ये नाही. वेगासाठी असेंब्ली लिहिण्याच्या जागा खऱ्या आहेत, पण त्या वेगळ्या. लिनक्समध्ये रेड-६ (अनेक डिस्कवर डेटा जपण्याची रीत) आणि क्रिप्टोच्या (सांकेतिकीकरणाच्या) कोडमध्ये प्रोसेसरगणिक वेगळी असेंब्ली आहे, आणि रेड-६ तर सुरू होताना आपल्याच वेगवेगळ्या आवृत्त्या पळवून बघतं आणि जी जलद ती निवडतं.

लिनक्सच्या बोर्डसाठी तर ड्रायव्हर लिहायचीही गरज नाही. कर्नेलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, आयआयओ विभागात एचएक्स७११चा ड्रायव्हर आहे. डिव्हाइस ट्रीमध्ये, म्हणजे बोर्डवर काय जोडलंय त्या यादीत, दोन पिना आणि वीजपुरवठ्याची नोंद केली की चालतो. तो उघडून वाचा, दोन तास सार्थकी लागतील. त्यात असेंब्लीची एक ओळ नाही. क्लॉक वर नेण्याआधी इंटरप्टची स्थिती जपून ते बंद करतात, एनडीलेने काही नॅनोसेकंद थांबतात, क्लॉक खाली आणतात, इंटरप्ट होते तसे परत ठेवतात, आणि मग बिट वाचतात. वर टिप्पणीही आहे की ६० मायक्रोसेकंदांपेक्षा जास्त वेळ गेला तर मापन चुकेल. तीच हमी, फक्त नावाने मागितलेली. मात्र जुन्या कर्नेलमध्ये तिथे फक्त प्रीएम्प्शन (एक काम मध्येच थांबवून दुसरं घेणं) बंद करत, आणि ते बंद असलं तरी हार्डवेअरचे इंटरप्ट येतातच. तसा कर्नेल असेल तर नेटवर्क आणि डिस्क जोरात चालू असताना एखादं वाचन वाकडं येऊ शकतं. वजनावर पाकीट विकलं जाणार असेल तर मी काटा छोट्या मायक्रोकंट्रोलरवरच ठेवीन आणि लिनक्सला सिरियलवरून आकडा देईन. हे तुमच्या खर्चावर आणि बोर्डवरच्या जागेवर अवलंबून आहे.

आता तुम्ही न विचारलेली गोष्ट, कारण पुढच्या कामात ती तुम्हाला गाठणारच. वजनाचा काटा हळू असतो. खरा त्रास डीएमए करणाऱ्या, म्हणजे प्रोसेसरला मध्ये न घेता थेट मेमरीत वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या उपकरणांत होतो, आणि तिथे माझी स्वतःची चूक सांगतो.

कंपनं मोजणाऱ्या एका कार्डाचा ड्रायव्हर मी इंडस्ट्रियल पीसीवर, म्हणजे एक्स८६ वर लिहिला होता. कार्डाला काम देण्याची रीत नेहमीची: मेमरीत एक नोंद तयार करायची, त्यात पत्ता आणि लांबी लिहायची, आणि सगळ्यात शेवटी 'आता ही नोंद तुझी' असा मालकीचा बिट लावायचा. बिट दिसला की कार्ड नोंद उचलतं. लांबी आणि बिट यांच्यामध्ये मी एक रिकामी इनलाइन (सी कोडमध्येच लिहिलेली) असेंब्ली ठेवली होती. आत सूचना काहीच नाही, फक्त 'मेमरी बदलते' असं कंपायलरला सांगणारा शब्द. कंपायलर त्यामुळे लिखाणांचा क्रम बदलत नाही. आणि एक्स८६ प्रोसेसर स्वतःही साध्या मेमरीत केलेली दोन लिखाणं एकमेकांच्या पुढेमागे करत नाही. वर्षानुवर्षं ते चाललं.

मग तोच ड्रायव्हर ६४ बिटांच्या एआरएम बोर्डवर नेला. एकही इशारा न येता कंपाइल झाला. येणार कसा? रिकामी असेंब्ली सगळ्या प्रोसेसरांवर वैध असते. पण एआरएमला दोन लिखाणं वेगळ्या क्रमाने बाहेर सोडायची मुभा आहे. कधीतरी मालकीचा बिट आधी पोचायचा, पत्ता मागून. कार्ड जुन्याच पत्त्यावर डेटा टाकायचं. पाच-सहा तासांतून एकदा. पावसाळ्याचे दिवस होते. आम्ही केबल बदलली, वीजपुरवठा बदलला, दमटपणावर संशय घेतला, पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्या. तीन आठवडे गेले. शेवटी दोन्ही बोर्डांची उलगडलेली असेंब्ली शेजारी-शेजारी ठेवून वाचली, आणि त्या जागी एआरएमवर काहीच नाही हे दिसलं. मी हमी मागितलीच नव्हती, एक्स८६ ती न मागता देत होता.

दुरुस्ती एका ओळीची. लिनक्समध्ये यासाठी डीएमए_डब्ल्यूएमबी आहे. एक्स८६ वर त्याचं रूप जवळजवळ काहीच नाही, फक्त कंपायलरला अडवणं. ६४ बिटांच्या एआरएमवर डीएमबी ही सूचना निघते, रिस्क-फाइव्हवर फेन्स. ड्रायव्हरमध्ये नाव एकच. तसंच कार्डाची 'घंटा' वाजवणारं, म्हणजे नवं काम आल्याचं कळवणारं रजिस्टर मी साध्या व्होलटाइल पॉइंटरने लिहीत होतो. तिथे लिनक्सचं राइटएल हे फंक्शन हवं होतं. आधीची मेमरीतली लिखाणं डीएमए करणाऱ्या उपकरणाला दिसतील, मगच रजिस्टर लिहिलं जाईल, ही हमी राइटएल देतं. राइटएल_रिलॅक्स्ड ती देत नाही, म्हणून ते जलद आहे. कारण लिहून ठेवल्याशिवाय ते वापरू नये. कॅशचंही, म्हणजे प्रोसेसरजवळच्या जलद मेमरीचंही, असंच. एक्स८६ वर डीएमए आणि कॅश यांचं आपोआप जुळतं, पुष्कळ एआरएम चिपवर जुळत नाही. डीएमए_अलॉक_कोहेरंटने घेतलेली मेमरी किंवा डीएमए_मॅप_सिंगल वापरलं तर कॅश कुठे झाडायची, कुठे टाकून द्यायची हे त्या-त्या प्रोसेसरचा कोड बघतो.

१९९१ च्या ऑगस्टमध्ये लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी लिनक्सची पहिली घोषणा केली, तेव्हा त्यांनीच लिहिलं होतं की ही प्रणाली दुसरीकडे नेता येणारी नाही, कारण ती इंटेलच्या ३८६ प्रोसेसरचं टास्क स्विचिंग वापरते. आज ती इतक्या प्रोसेसरांवर चालते त्याचं कारण हेच की असेंब्ली उचलून आर्क नावाच्या फोल्डरमध्ये, प्रत्येक प्रोसेसरच्या खोलीत ठेवली गेली, आणि ड्रायव्हर्सच्या फोल्डरमध्ये फक्त नावं उरली. राइटएलचंच बघा. ६४ बिटांच्या एआरएमवर त्याच्या तळाशी खरोखर एका एसटीआर सूचनेची इनलाइन असेंब्ली आहे. कंपायलरवर सोपवलं तर तो पत्ता वाढवत लिहिणारी सूचना निवडू शकतो, आणि व्हर्च्युअल मशीनमध्ये तसल्या सूचनेची नक्कल करणं हायपरव्हायझरला (व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या प्रणालीला) जड जातं. असला बारकावा प्रत्येक ड्रायव्हर लिहिणाऱ्याने का लक्षात ठेवावा? एकाने एकदा सोडवला, बाकीच्यांनी नाव वापरलं.

असेंब्ली जिथे खरंच लागते अशा जागा थोड्या आहेत. प्रोसेसर सुरू होतानाचा कोड, इंटरप्टमध्ये शिरताना रजिस्टरं जपणं, सी भाषेला दिसत नसलेली खास रजिस्टरं. आणि एक मला फार आवडणारी: बीगलबोनमधल्या एएम३३५एक्स चिपला झोपवताना डीडीआर मेमरीच स्वतःला जपण्याच्या स्थितीत जाते. मग तिला झोपवणारा आणि उठवणारा कोड तिच्यातून कसा चालणार? तो आधी चिपमधल्या एसरॅममध्ये नकलून तिथून चालवतात. तिथे स्टॅक कुठे आहे, कंपायलर एखादा स्थिरांक गुपचूप डीडीआरमधून वाचेल का, यातल्या कशावरही अवलंबून राहता येत नाही. म्हणून त्या मेमरी ड्रायव्हरजवळ आजही एक असेंब्ली फाइल आहे, आणि ती असायलाच हवी.

तुमच्या एम४ वर एक जागा येईल. इंटरप्टच्या शेवटच्या ओळीत टायमरचा फ्लॅग पुसलात तर ते लिखाण बफरमध्ये अडकलेलं असतानाच इंटरप्ट संपतो, आणि फ्लॅग अजून लागलेला दिसून तोच इंटरप्ट लगेच पुन्हा येतो. मोजणी दुप्पट होते. फ्लॅग सुरुवातीलाच पुसा, किंवा शेवटी डीएसबी (आधीची लिखाणं पुरी होईपर्यंत थांबवणारी सूचना) द्या. डीएसबीसाठीही हाताने असेंब्ली लिहू नका, सीएमएसआयएस या एआरएमच्या कोडसंचात त्याचं तयार फंक्शन आहे. विंडोजवर कधी गेलात तर मायक्रोसॉफ्टचा ६४ बिटांचा कंपायलर इनलाइन असेंब्ली घेतच नाही. तिथे तयार इन्ट्रिन्सिक (कंपायलरची स्वतःची फंक्शनं) किंवा वेगळी फाइल.

जीसीसी कंपायलरमध्ये इनलाइन लिहावीच लागली तर व्होलटाइल विसरू नका. मेमरीला हात लागत असेल तर क्लॉबरमध्ये, म्हणजे काय काय बदलतं त्या यादीत, 'मेमरी' लिहा, आणि कुठली रजिस्टरं वापरता ते कंपायलरला खरं सांगा. खोटं सांगितलं तर आज चालेल, आणि ऑप्टिमायझेशनची पातळी बदलली त्या दिवशी मोडेल. प्रत्येक ड्रायव्हर फाइलमध्ये #इफडेफ (प्रोसेसर बघून कोड निवडणाऱ्या अटी) पेरण्यापेक्षा एक छोटी हेडर फाइल करा. तिच्यात चारच नावं पुरतील: क्लॉक वर, क्लॉक खाली, इतके नॅनोसेकंद थांब, इंटरप्टची स्थिती जपून बंद कर आणि होती तशी परत ठेव. प्रत्येक प्रोसेसरसाठी त्या चार नावांची एक फाइल. वाचनाचा लूप, २४ बिटांची ३२ बिटांत चिन्हासकट वाढ, सरासरी, हे सगळं साध्या सी भाषेत आणि एकाच जागी.

कारखान्यातून बाहेर पडलेल्या जुन्या यंत्रांचा एव्हीआर कोड आहे तसाच ठेवा, त्याला या नव्या साच्यात कोंबू नका. फक्त एक बदल करा. त्यातला शेवटचा एसईआय इंटरप्ट सरळ चालू करतो, आधी ते बंद होते की चालू हे बघतच नाही. काट्याचं वाचन कधी दुसऱ्या इंटरप्टमधून किंवा आधीच बंद केलेल्या भागातून बोलावलं गेलं तर तिथली मनाई मोडते. सीएलआयच्या आधी एसआरईजी (इंटरप्टची स्थिती ठेवणारी जागा) एका रजिस्टरमध्ये घ्या आणि एसईआयच्या जागी तेच परत लिहा. दोन सूचना आहेत. तेवढ्यापुरती असेंब्लीच राहू दे.